माळावरच्या पोरांची वजनं

१

सोमवारी सकाळी मी कपाट उघडलं, तर मधला कप्पा जवळजवळ रिकामा. वरचा नेहमीसारखा भरलेला होता, खालचाही. मधल्या कप्प्यात एकच गठ्ठा उरला होता, नोव्हेंबरचा. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचे तिन्ही गठ्ठे गेले होते. कुलूप शाबूत होतं. रिकाम्या पत्र्यावर काळ्या मुंग्यांची एक रांग तेवढी चालली होती.

मी डॉक्टर शांभवीला हाक मारली. ती आली, बघितलं आणि खुर्चीत बसली.

आमचं केंद्र शाहूपुरीत, एका दुकानाच्या वर, तीन खोल्यांचं. विजापूरकडून ऊसतोडीला येणाऱ्या कन्नड बोलणाऱ्या कुटुंबांच्या लहान मुलांचा आम्ही अभ्यास करत होतो. पैसा दिल्लीहून, सरकारी निधीतून यायचा. हातकणंगल्याकडच्या एका कारखान्याच्या हद्दीत मजुरांचे दोन तळ होते. ओढ्याकाठच्या तळावर आम्ही सकाळी मुलांना पोटभर नाष्टा द्यायचो आणि त्यांच्याच भाषेत बालवाडी चालवायचो. माळावरच्या तळावर काहीच द्यायचं नव्हतं, फक्त दर महिन्याला मुलांची वजनं करायची. हंगामाअखेरी दोन्हीकडची वजनं शेजारी मांडायची. ओढ्याकाठची मुलं पुढे गेली असं कागदावर सिद्ध झालं, की जिल्ह्यातल्या प्रत्येक तळावर तीन वर्षं अशी केंद्रं चालवायला निधी मिळणार होता. माळावरच्यांनाही.

गेले ते गठ्ठे माळावरचे होते. संगणकात आकडे भरायचं काम याच आठवड्यात व्हायचं होतं, म्हणजे नक्कल कुठंच नव्हती. आणि गुरुवारी दिल्लीच्या तपासणी अधिकारी बाई येणार होत्या.

शांभवीला पोलिसांत जायचं नव्हतं. बातमी फुटली की निधी गेलाच, असं तिचं म्हणणं. मी एकतीस वर्षं सांख्यिकी कार्यालयात काढलेली, निवृत्तीनंतर इथं भरून आलेले फॉर्म तपासायला येते. ती माझा हात धरून म्हणाली, "काकू, तुम्हीच बघा. तुमच्यासमोर माणसं खोटं बोलत नाहीत."

तेव्हा मलाही ते खरं वाटलं होतं.

२

कपाटाची किल्ली बसवण्णांच्या तसबिरीमागे असायची. ते आम्हा चौघांना ठाऊक होतं: शांभवी, मी, तळावर फिरून फॉर्म भरणारा संगमेश आणि जीप चालवणारा कृष्णात. पाचवं माणूस म्हणजे कारखान्याचे कामगार अधिकारी विजयसिंह. शुक्रवारी दुपारी ते भांडायला आले होते आणि त्यांच्यासमोरच शांभवीनं किल्ली काढली होती.

साहजिकच पहिला संशय त्यांच्यावर. मी दुपारी त्यांना भेटले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मला सोमवारचा कडक उपास होता, म्हणून नुसता समोर ठेवून घेतला.

"काकू, तुमच्या डॉक्टरबाईंनी आमचा कारखाना बदनाम करायचा विडा उचललाय," ते म्हणाले. "पोरं वाळली, पोरं खुरटली. सगळं आमच्याच माथी? ती पोरं काय कारखान्यात जन्मली व्हय?"

फॉर्म गेल्याचं मी सांगितलं. ते मोठ्यानं हसले.

"मी चोरायचं म्हटलं असतं तर कामाचे तास, आया उसात असताना पोरं कुठं असतात, ते लिहिलेले कागद उचलले असते. वजनं घेऊन काय करू? आणि खरं सांगू? माळावरची पोरं यंदा चांगली दिसत्यात की. परवा गेलतो. ओढ्यावरच्यांपेक्षा काय कमी न्हाईत."

मी ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. माणूस आपली बाजू सावरतोय असं मला वाटलं. त्यांचं पहिलं म्हणणं मात्र पटलं. कामाच्या तासांचे फॉर्म खालच्या कप्प्यात जसेच्या तसे होते. कारखान्याला ज्याची भीती, त्याला कुणी हात लावला नव्हता.

परत येताना बसमध्ये एकच प्रश्न मनात फिरत राहिला. नोव्हेंबरचा गठ्ठा चोरानं का ठेवला? घाई असती तर सगळे उचलले असते. ज्यानं नेले त्यानं निवडून नेले. म्हणजे नोव्हेंबरनंतर माळावर काहीतरी घडलं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

३

मंगळवारी सकाळी शिवपूजा आटोपून मी नेहमीप्रमाणे डबा भरला. तो नेम इथं सांगायला हवा.

आमचे हे गेल्याला मार्गशीर्षात तीन वर्षं झाली. शेंगदाण्याचा व्यापार आमचा, दुकान आता पुतण्या बघतो. या मार्गशीर्षापासून मी नेम धरला, की रोज चाळीस लाडू करायचे, दाण्याचे आणि गुळाचे, आणि डबा घराबाहेर पडल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही. दान गुप्त. कुणी दिलं ते घेणाऱ्याला कळू नये आणि कुणी घेतलं ते मला. सकाळी कृष्णात जीप घेऊन तळाकडे निघाला की डबा त्याच्या हाती द्यायचा. पहिल्याच दिवशी त्याला म्हटलं होतं, जिथं गरज असेल तिथं दे, मला सांगू नको. दुपारी रिकामा डबा घासूनपुसून परत यायचा.

त्या सकाळी डब्याचं झाकण पुसताना कडेच्या खाचेत राख दिसली. चुलीची राख. कृष्णाताच्या घरी गॅस आहे, त्याची बायको साबणानं भांडी घासते, हे मला माहीत होतं. पण डोक्यात चोरी होती. मी राख पुसली आणि लाडू भरले.

कृष्णाताला विचारलं, शनिवार-रविवार कुठं होतास? रविवारी पाव्हण्यांच्या घरी बारशाला गेलतो, म्हणाला. शनिवारी संगमेशला केंद्रात सोडून घरी. माळावरचे फॉर्म कोण आणतं? मीच, म्हणाला, तुमच्याच कापडी पिशवीतनं. डबा आन् फॉर्म एकाच पिशवीत.

मग मान खाली घालून म्हणाला, "मी कागदाला हात लावला न्हाय काकू. आईशप्पत."

माझा विश्वास बसला. कृष्णाताला वाचता येतं, पण आकड्यांशी त्याला देणंघेणं नव्हतं. ज्यानं गठ्ठे निवडले त्याला आकडे कळत होते.

मला स्वतःला ते कळले नव्हते, आणि त्याचं कारण माझी कामाची रीत. माझ्याकडे फॉर्म एकेक येतो. रकाना रिकामा नाही ना, आईचा अंगठा आहे ना, तारीख आहे ना, एवढं बघून खाली "तपासले" लिहून सही करायची. या महिन्याचा कागद मागच्या महिन्याच्या शेजारी मी कधी ठेवला नाही. ते संगमेशचं आणि शांभवीचं काम. शांभवी शुक्रवारी संध्याकाळी पुण्याला गेली ती सोमवारी पहाटेच्या गाडीनं आली.

उरला संगमेश. सीमेवरच्या गावचा, दोन्ही भाषा येणारा, मला अव्वा, म्हणजे आई, म्हणणारा. सोमवारी पोट दुखतंय म्हणून आला नव्हता, मंगळवारीही नाही.

४

बुधवारी शांभवीनं ठरवलं, की माळावर जाऊन सगळ्या अडतीस मुलांचं पुन्हा वजन करायचं. मधले महिने गेले तरी शेवटचा आकडा हाती येईल. ती मला म्हणाली, काकू, तुम्ही लिहायला चला. मी तोवर तळावर कधी गेले नव्हते.

हे ऐकून कृष्णाताचा चेहरा उतरला. "तुम्ही नगा येऊ काकू. माळाची वाट खडीची हाय. कंबर मोडंल."

मी जीपमध्ये बसले. त्या दिवसाचा डबा मागच्या बाकावर होता.

माळावर कोप्या दोन रांगांत उभ्या होत्या, उसाच्या पाल्यानं शाकारलेल्या. आया उसात गेल्या होत्या, दोन-तीन म्हाताऱ्या आणि मुलंच तेवढी मागे. शांभवीनं जीपच्या पुढे लिंबाच्या फांदीला वजनकाटा टांगायला घेतला आणि मला म्हणाली, मुलांना रांगेत उभं करा.

मी वळले. मुलं आधीच रांगेत उभी होती.

कुणी सांगितलं नव्हतं. धाकटी पुढे, थोरली मागे, गडबड नाही की रेटारेटी नाही. पण रांग काट्यासमोर नव्हती. ती जीपच्या मागे लागली होती, मागच्या दाराशी. सगळ्यांचे उजवे हात पुढे होते, तळवे वर.

सगळ्यात पुढे तीनेक वर्षांची एक मुलगी होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती माझ्या कापडी पिशवीकडे बघत होती.

कृष्णात स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

५

मुंग्या. डब्याच्या झाकणातली राख. डिसेंबरपासूनच्या कागदांवर मला अधूनमधून तेलकट डाग दिसायचे, कृष्णाताच्या डब्यातली भाजी सांडली असेल असं मी धरून चालले होते. ओढ्याच्या तळावर आमचं स्वयंपाकघर आहे, तिथं साबण आहे. राखेनं भांडी घासणारे माळावरचे. आणि नोव्हेंबर, माझ्या नेमाच्या आधीचा महिना.

आम्ही वजनं केली. मी लिहीत गेले. त्या पुढच्या मुलीचं नोव्हेंबरचं वजन माझ्याजवळच्या यादीत होतं. ती चांगली दीड किलोनं वाढली होती. ओढ्यावरचीही तेवढीच वाढली होती. वजनं झाल्यावर मी डबा उघडला. तिथं दुसरं काही करणं मला जमलं नसतं.

परतीच्या वाटेवर कृष्णात एवढंच म्हणाला, "प्रकल्पाचं द्यायचं न्हाय असं डॉक्टरबाईंनी सांगितलंतं. हे प्रकल्पाचं नव्हतं की. देवाचं होतं. ओढ्यावरची पोरं खाऊन बसायची आन् ही नुसती काट्यावर चढायची. गरज कुठं हाय ते तुम्हीच बघायला लावलंतं."

त्यानं माझं सांगणं शब्दाला धरून पाळलं होतं.

संगमेश शाहूपुरीतच एका खोलीत राहतो. मी गेले तेव्हा दार उघडंच होतं. मला बघून तो उठला आणि गादीखालून तिन्ही गठ्ठे काढून माझ्यासमोर ठेवले. मी काही विचारायच्या आधीच.

शनिवारी त्यानं पहिल्यांदा दोन्ही तळांचे आकडे शेजारी मांडले होते. फरक नाहीच. कागद एवढंच सांगणार होता, की नाष्टा दिला काय आणि न दिला काय, मुलं सारखीच. हे दिल्लीला गेलं असतं तर आमचंच काय, कुणाचंच केंद्र पुन्हा उभं राहिलं नसतं. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, 'मुलाला इतर कुठून काही खायला मिळतं का?' त्यानं दर महिन्याला प्रत्येक आईला तो तिच्या भाषेत विचारला होता. सगळ्यांनी दर वेळी "इल्ला" म्हटलं होतं, म्हणजे नाही. आणि प्रत्येक "नाही"खाली माझी सही होती. मग त्यानं कागदाचा वास घेतला. दाण्याचा आणि गुळाचा. तसले लाडू त्यानं माझ्या घरी कितीदा खाल्ले होते.

"जाळणार होतो," तो म्हणाला. "पण तुमच्या सह्या हायत त्यावर. जाळवेना."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"काय सांगू अव्वा? तुमच्या नेमानं घात केला म्हणून?" त्यानं डोळे पुसले. "उद्या मी सांगतो, माझ्याकडनं हरवले. मला काढून टाकतील. पण हरवले म्हटलं तर बाई एक वर्षाची मुदत देतील, पुन्हा अभ्यास करता येईल. ओढ्यावरचं केंद्र चालू राहील. खरं सांगितलं तर सगळंच बंद."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. म्हणूनच ऐकायला जड गेलं. एका माणसाची नोकरी आणि नाव गेलं, तर ओढ्यावरच्या साठ मुलांचा नाष्टा वाचत होता. संगमेशला गावाकडे म्हातारे आईवडील, आणि कागद हरवणाऱ्या माणसाला अशा कामात पुन्हा कोण घेतं? आणि चूक त्याची नव्हतीच.

"तुला एक विचारते," मी म्हटलं. "त्या सगळ्या बायका खोटं का बोलल्या? अडतीस जणी, तीन महिने?"

त्यानं मान हलवली. तेवढं त्यालाही कळलं नव्हतं.

६

गुरुवारी पहाटे पूजेला बसले आणि मन काही लागेना. मला ठाऊक नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. पण खरं तर मी विचारलं नव्हतं. माळावरची मुलं हंगामभर नुसती वजनकाट्यावर चढणार, हे मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. कृष्णाताला जिथं गरज असेल तिथं म्हणताना उत्तर कुठलं येणार, हे माझ्या मनाला कुठंतरी माहीत असणार. तोंडानं विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं. म्हणून दान गुप्त ठेवलं.

त्या दिवशी मी लाडू केले नाहीत. तीन महिन्यांत पहिल्यांदा डबा घरी राहिला आणि मी न खातापिताच केंद्रात गेले. एकशे चौदा फॉर्म समोर घेतले. प्रत्येकावरचं "नाही" एका रेघेनं खोडलं, वर "होय, रोज एक लाडू" लिहिलं आणि शेजारी सही केली. दुपारचा एक वाजला.

शांभवी दारात उभी राहून बघत होती. तिला मी सकाळीच सगळं सांगितलं होतं, संगमेशनं कागद का लपवले तेही. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. या प्रकल्पासाठी तिनं चार वर्षं दिल्लीला खेटे घातले होते. ती फक्त म्हणाली, "पुढच्या वर्षी माळावर देणारच होतो ना काकू."

दिल्लीच्या बाई तीनला आल्या. बाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, खोडलेले कागद उलटून पाहिले. कागद दडवणारा आणि परत देणारा एकच, म्हणून संगमेशचं नाव त्यांनी अहवालात घेतलं नाही. आयांनी "नाही" असं का सांगितलं, हे त्यांनीही विचारलं. जाताना जिन्यात थांबून त्या हिंदीत हळूच म्हणाल्या, की माळावरची मुलं तशीच राहिली असती तर निधी मिळाला असता. हे बोलताना त्यांनाच वाईट वाटत होतं.

पत्र पंधरा दिवसांनी आलं. तुलना ग्राह्य धरता येत नाही, पुढचा टप्पा मंजूर नाही. ओढ्यावरची चूल त्या शनिवारी विझली.

हंगाम संपला तसे तळही उठायला लागले. माळावरच्यांचा ट्रॅक्टर निघायचा होता त्या सकाळी मी संगमेशला घेऊन गेले, शेवटचा डबा स्वतःच्या हातानं द्यायला. गुप्त ठेवण्यासारखं आता काय उरलं होतं? ट्रॉलीत भांडी, गाठोडी, कोंबड्या, त्यावर मुलं. ती पुढची मुलगी आईच्या कडेवर होती. आईचं नाव नीलव्वा.

माझ्या हातातला डबा बघून नीलव्वानं तो ओळखला. मग माझ्या कपाळावरची विभूती बघितली आणि नेम धरणारी ती मीच, हेही तिला कळलं. ती पुढे आली, माझ्या पायाला हात लावला आणि भराभर काहीतरी बोलली. बाकीच्या बायका हसून माना डोलावत होत्या. कुणीतरी चांगलं काम केल्यावर दिसावं तसं त्यांचं तोंड दिसत होतं.

मी संगमेशला म्हटलं, सांग ना, काय म्हणते?

तो माझ्याकडे न बघता सांगू लागला. "पहिल्या दिवशी कृष्णातनं हिला सांगितलंतं, गुप्त दान हाय, बोललं तर देणारीचा नेम मोडतो. हिनं साऱ्यांना शपथ घातली. ती म्हणते, सरकारची माणसं दर महिन्याला यायची, कागद काढून विचारायची. आम्ही अडतीस जणी, पण एकीनंही तोंड उघडलं न्हाय. म्हणते, तुमचा नेम आम्ही मोडू दिला न्हाय."

नीलव्वा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग झाकण काढून पहिला लाडू तिच्या मुलीच्या तळव्यावर ठेवला.